विसरलात, की लक्षच नव्हतं? विचारशक्ती तपासायची आणि जपायची कशी

पन्नाशी ओलांडलेली चार माणसं सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारून टेकली, की गुडघे आणि शुगर झाल्यावर तिसरा विषय हमखास निघतो: "हल्ली नावंच आठवत नाहीत हो." मग एक जण भिजवलेले बदाम सुचवतो, दुसरा ब्राह्मी, तिसरा मोबाइलवरचा कुठला तरी 'ब्रेन गेम' उघडून दाखवतो. डोकं खरंच मंदावलंय का, हे तपासायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. शुगर न मोजता शुगरची गोळी कुणी घेत नाही. इथे आपण थेट उपायावर उडी मारतो.

या बाबतीत आजवर काहीच केलं नसेल त्यांनी कुठून सुरुवात करायची, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. चाळिशीतल्या स्वतःसाठी वापरा किंवा घरातल्या सत्तरीच्या आईवडिलांसाठी, क्रम तोच. माझं मत आधीच सांगून टाकते: दिवसातून कितीदा विसरलो हे मोजण्यात अर्थ नाही. रोजची कामं कशी होताहेत ते बघा, आणि ताडून बघायचं ते दोन वर्षांपूर्वीच्या स्वतःशी. शेजारचे काका ऐंशीव्या वर्षी शब्दकोडी सोडवतात, याच्याशी तुमचा काही संबंध नाही.

सुरुवातीला: कशाची काळजी करायची, कशाची नाही

शालिमारला गाडी लावली तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात. तासाभराने गाडी कुठे लावली ते आठवेना. यात स्मरणशक्तीचा दोष नाही; ती जागा मेंदूत नोंदलीच गेली नव्हती. तिशी-चाळिशीतल्या लोकांच्या तक्रारी बहुतेक याच जातीच्या असतात. एखाद्याचं नाव जिभेवर येऊन अडकणं आणि रात्री जेवताना अचानक आठवणं, खोलीत कशाला आलो ते विसरणं, हेही वयानुसार चालायचंच.

गाडी सापडली, पण शालिमारहून इंदिरानगरला जायचा वीस वर्षांचा रस्ता चुकला, तर ती गोष्ट वेगळी. दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा येणं, चाळीस वर्षं पुरणपोळ्या करणाऱ्या बाईचा पुरणाचा क्रम चुकणं, भाजीवाल्याकडे सुट्ट्या पैशांचा हिशेब जमेनासा होणं, तेच वीजबिल दोनदा भरलं जाणं, कधी आवाज न चढवणारा माणूस क्षुल्लक गोष्टीवर तडकणं किंवा सगळ्यातूनच अंग काढून घेणं. असे बदल काही महिने टिकले तर तपासायलाच हवेत.

घरोघरी एक फसगत होते. "आजोबांना काही झालेलं नाही, अख्खी रामरक्षा पाठ आहे, औटकीचे पाढे म्हणतात" असं लोक छातीठोकपणे सांगतात. लहानपणी घोकून पक्कं झालेलं फार उशिरा पुसलं जातं. अल्झायमरमध्ये आधी जातं ते अलीकडचं. आजोबांना १९७१ च्या युद्धातलं ब्लॅकआउट विचारू नका. काल संध्याकाळी कोण आलं होतं आणि काय बोलणं झालं, ते विचारा.

घाबरून जाण्याचंही कारण नाही. भारतातल्या साठ वर्षांवरच्या लोकांच्या मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यांच्यातल्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे. आकडा लहान नाही, पण शंभरातल्या नव्वदहून अधिकांना तो नाही, हेही त्यातच आलं.

अचानक झालेला बदल मात्र या सगळ्याच्या बाहेरचा. कालपर्यंत व्यवस्थित असलेली आजी आज असंबद्ध बोलतेय, दिवस-रात्रीचा घोळ घालतेय, तर त्यामागे बहुधा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, घसरलेलं सोडियम, नवी सुरू झालेली गोळी असं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. महिन्याभरात पडणं-आपटणं झालं होतं का, तेही आठवून सांगा, कारण वयस्कर माणसाच्या डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर पक्षाघात समजून १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. आपत्कालीन विभागात पहिला प्रश्न तोच असतो.

पायरी पहिली: पंधरा दिवसांची वही

शंभर पानी वही पुरे. दर रात्री चार-पाच ओळी: पैशांचे व्यवहार, औषधं, स्वयंपाक, बाहेरचं येणंजाणं, फोन आणि यूपीआय, दिलेले शब्द आणि ठरलेल्या वेळा. कोणतं काम एकट्याने झालं, कुठे अडलं, कुठे नेहमीपेक्षा फार वेळ लागला, कुठे कुणीतरी हळूच मदत केली. "आज विसरलो" एवढंच लिहून उपयोग नाही. "मेडिकलवाल्याला पाचशे दिले, उरलेले न घेताच निघालो, त्याने हाक मारली" असं लिहा. शेजारी त्या दिवशीची झोपही लिहा. पंधरा दिवसांनी चुकांचे दिवस आणि जागरणाचे दिवस एकच निघाले तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरी वही घरातल्या दुसऱ्या माणसाने ठेवायची, आणि दोघांनी एकमेकांची बघायची नाही. हे विचित्र वाटेल, पण सगळ्यात कामाचं हेच आहे. ज्याची विचारशक्ती खालावते त्याला स्वतःला ते बऱ्याचदा जाणवत नाही. याच अनुभवावर अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 'एडी-८' नावाची प्रश्नावली तयार झाली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात जवळच्या माणसाला आठ प्रश्न विचारतात: निर्णय घेण्यात चूक होते का, आवडीच्या गोष्टींतला रस गेला का, तेच ते बोलणं होतं का, नवं उपकरण शिकायला जड जातं का, चालू महिना-वर्ष विसरतात का, पैशांचे किचकट व्यवहार जमतात का, ठरलेल्या भेटी लक्षात राहतात का, आणि विचार-आठवणीची अडचण रोजचीच झाली आहे का. यातल्या दोन किंवा अधिक बाबतींत *बदल* झाला असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे. बदल हा शब्द महत्त्वाचा. ज्या सासूबाईंनी आयुष्यात बँकेची स्लिप भरली नाही, त्यांना आज ती भरता येत नाही याची नोंद होत नाही.

"मी फार विसरतो हो" म्हणत जो माणूस कधी, कुठे, काय विसरला याची यादी ऐकवतो, त्याच्याबद्दल डॉक्टर सहसा कमी चिंतेत असतात. घरचे सांगताहेत आणि माणूस म्हणतो, "छे, मला काय झालंय!" तिथे ते पुढे सरकून बसतात.

पायरी दुसरी: घरच्या घरी दहा मिनिटं

या चाचण्यांतून निदान होत नाही. डॉक्टरकडे जायचं का आणि किती लवकर, एवढंच ठरतं. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर घ्या. चष्मा लावलेला, कानाचं यंत्र असेल तर कानात, टीव्ही बंद. पाहुण्यांसमोर किंवा नातवंडांच्या हसण्या-खिदळण्यात वडीलधाऱ्यांची परीक्षा घेऊ नका. एकदा अपमान वाटला की माणूस पुन्हा बसत नाही. आधी स्वतः द्या, मग "बाबा, आता तुम्ही" म्हणा.

एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द सांगा, समजा: कंदील, आंबा, पोस्ट. ते म्हणवून घ्या. मग कोऱ्या कागदावर मोठं वर्तुळ काढून द्या आणि त्यात घड्याळाचे आकडे लिहायला सांगा. ते झालं की, "आता अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा."

इथे घाई करू नका, नुसते बघत राहा. सावध माणूस आधी बारा, सहा, तीन, नऊ मांडून घेतो आणि मधल्या जागा भरतो. काही जण एकपासून सुरू करतात आणि सहापर्यंत येता येता वर्तुळ संपत आलेलं असतं. मग सात ते बारा कसेबसे कोंबतात. काहींचे सगळे आकडे उजवीकडेच गोळा होतात. सगळ्यात जास्त फसवतो तो मोठा काटा: कानावर 'दहा' पडलेलं असतं, त्यामुळे काटा दहाच्या आकड्याकडे जातो. तो दोनवर हवा. समोरचा आकडा टाळून मनातला हिशेब करायचा, ही मेंदूच्या पुढच्या भागाची कसोटी आहे, आणि म्हणूनच जगभर नेमकी हीच वेळ काढायला सांगतात. घड्याळ झालं की मघाचे तीन शब्द विचारा. प्रत्येक आठवलेल्या शब्दाला एक गुण, बरोबर घड्याळाला दोन, चुकीच्याला शून्य. पाचपैकी तीनपेक्षा कमी आले तर डॉक्टरांची वेळ घ्यायची. या चाचणीला 'मिनी-कॉग' म्हणतात. कधीच शाळेत न गेलेल्या आजीला मात्र घड्याळ काढायला लावू नका. हातात पेन्सिलच धरली नसेल तर त्या चित्रातून काही कळत नाही.

आणखी दोन गोष्टी जोडता येतील. एका मिनिटात जितक्या आठवतील तितक्या भाज्यांची नावं. घड्याळ लावून, बोटांवर मोजत. भद्रकालीच्या भाजीबाजारात रोज जाणाऱ्याची गाडी सुसाट सुटते, ऑनलाइन भाजी मागवणारा दहावर अडखळतो; म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. तीच नावं पुन्हा येताहेत का, ते टिपा. दुसरी: शंभरातून सात, उरलेल्यातून पुन्हा सात, असं पाच वेळा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. हिशेबाची सवय नसलेल्याला ही अवघड जाते, तेवढी सूट द्या.

कागदावर तारीख घाला आणि जपून ठेवा. लगेच आठवड्याने तेच शब्द घेऊन पुन्हा बसू नका. सरावाने गुण वाढतात, डोकं वाढत नाही.

पायरी तिसरी: गोळ्यांचं ताट, कान आणि रक्त

बहुतेक लोक ही पायरी ओलांडून सरळ बदामाकडे जातात. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, कारण इथली बरीच कारणं दुरुस्त होणारी आहेत.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात ओता: रोजच्या, कधीमधी लागणाऱ्या, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेल्या, मुंबईच्या भाच्याने पाठवलेल्या. स्ट्रिप उलटी करा. पुढे मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, ते सोडा. मागच्या चंदेरी बाजूवर बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते वहीत उतरवा. हृदयाच्या डॉक्टरांनी आणि फॅमिली डॉक्टरांनी वेगवेगळ्या ब्रँडखाली एकच औषध दिलंय आणि आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेताहेत, असं या ताटातून बाहेर पडू शकतं.

त्या यादीत काही नावांसमोर खूण करा. झोपेसाठी किंवा 'टेन्शन'साठी घेतलेलं अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन. लघवी आवरत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन. उतारवयात ही औषधं डोक्यावर झापड आणतात, तोल घालवतात, विस्मरण वाढवतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल ही दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतील तर ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी होऊ शकतं. यादी करायची आणि डॉक्टरांपुढे ठेवायची. स्वतःच्या मनाने काही बंद करायचं नाही. झोपेची गोळी तर एकदम सोडलीत तर फिट येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. ती टप्प्याटप्प्यानेच कमी करतात.

बी-१२ चा विषय आपल्याकडे जरा थांबून बघण्यासारखा आहे. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. मिसळ कितीही झणझणीत असो, मटकीत ते नसतं. शाकाहारी घर, वर कपभर कोरा चहा आणि दुधाची नावड, असा माणूस कमतरतेच्या वाटेवर असतोच. हातापायांना मुंग्या, थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा अशी लक्षणं. रक्तात २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक ठिकाणी कमतरता धरतात. उपाय स्वस्त आहे, पण फार काळ दुर्लक्ष झालं तर मज्जातंतूंचं सगळं नुकसान भरून येत नाही. त्याच रक्तात थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी, सोडियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल करून घ्या.

साखर वाढण्याबद्दल सगळे बोलतात. कमी होण्याबद्दल कुणी बोलत नाही. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि आज एकादशी. सकाळची गोळी घेतली, पोटात मात्र चमचाभर भगर. अकराच्या सुमाराला माणूस घामाघूम, बोलण्यात गोंधळ. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात न्या. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे चातुर्मास लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

रक्तदाब घरी मोजा, पण नीट. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन आलेले, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसलेले, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा. आठवडाभराची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर बोलायला हवं. चाळिशी-पन्नाशीतला वाढलेला रक्तदाब वीस वर्षांनी मेंदूत दिसतो. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' या मोठ्या अभ्यासात वरचा दाब १२० च्या आत ठेवण्याचं उद्दिष्ट असलेल्या गटात, १४० च्या गटाच्या तुलनेत, सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. ते निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तुमच्यासाठी नेमका आकडा कोणता, हे मात्र वय आणि चक्कर येण्याची सवय बघून डॉक्टरच ठरवतील.

आता कान. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये पंचवीस-तीस वर्षं काढलेले कितीतरी लोक या शहरात निवृत्त झाले आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना ऐकू कमी येतं आणि ते मान्य नसतं. घरचे म्हणतात, "सांगितलेलं लक्षात राहत नाही." मुळात कानावर अर्धंच पडलं होतं. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून बाजूला होतो, लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो, आणि मेंदूला खाद्य मिळायचं बंद होतं. आधी कानातला मळ बघून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. कानाच्या यंत्रावरचा 'अचीव्ह' नावाचा अभ्यास २०२३ मध्ये आला. सरसकट सगळ्यांत तीन वर्षांत मोठा फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्या वयस्कर गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंद झाली. पहिले दोन महिने यंत्र कटकटीचं वाटतं, भांड्यांचा आवाजही टोचतो. म्हणून ते डबीत ठेवून देऊ नका, दुकानदाराकडे परत परत जाऊन सेटिंग बदलून घ्या. मोतीबिंदूही पुढे ढकलू नये. दृष्टी मंदावणं हाही धोक्याच्या यादीतला मुद्दा आहे.

झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकून दचकणं, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी डुलकी, असं असेल तर स्लीप ॲप्निया तपासून घ्या. आणि मन. जोडीदार गेल्यावर किंवा नोकरी सुटल्यावर आलेली उदासी वयस्करांमध्ये विस्मरणाचं सोंग घेऊन येते: "काही आठवत नाही, काही नको वाटतं." औषधाने आणि बोलण्याने ती बरी होते. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

पायरी चौथी: डॉक्टरांकडे

आधी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही सुरुवात करता येते. पुढे गरज लागली तर न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ. दोन्ही वह्या, गोळ्यांची यादी, रक्ताचे रिपोर्ट आणि घड्याळाचा कागद सोबत न्या. जो माणूस रोज सोबत राहतो त्यालाच बरोबर घ्या. पुण्याहून खास सुट्टी काढून आलेल्या मुलाला रोजचं फारसं माहीत नसतं. "विसरतात" असं मोघम न सांगता वहीतले तीन प्रसंग वाचून दाखवा.

तिथे बहुधा 'मोका' किंवा 'एमएमएसई' ही तीस गुणांची चाचणी होईल. एमएमएसई १९७५ पासूनची, मोका २००५ ची. मोकात २६ किंवा त्याहून जास्त गुण ठीक मानायचा मूळ संकेत आहे, शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. पण चौथी शिकलेल्या, शेतावर आयुष्य गेलेल्या आजीला त्या एका गुणाने न्याय मिळत नाही. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर लोकांसाठी एमएमएसईचं हिंदी रूप मुद्दाम बेतावं लागलं होतं, ते याचमुळे. कमी गुण दिसले की शिक्षण किती झालंय, हे आपणहून सांगा. एमआरआय लागेल तेव्हा डॉक्टर सांगतील. "आधी एमआरआय काढून टाकू" म्हणून स्वतःहून सेंटरवर जाण्यात पैसे जातात, उत्तर मिळत नाही.

पायरी पाचवी: रोजचं जपणं

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा धोके मांडले. ते सगळे टाळता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा सगळ्या लोकसंख्येचा हिशेब, एकट्या माणसाला हमी नाही. वरच्या पायरीतले रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कान, डोळे, उदासी हे त्यातलेच. उरलेल्यांत बसून राहणं, धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, कमी शिक्षण आणि डोक्याला मार. शेवटच्यासाठी हेल्मेट. २०२१ मध्ये नाशिकमध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं तेव्हा लोक पंपावर शेजाऱ्याचं हेल्मेट उसनं मागत होते. हसून झालं असेल तर आता स्वतःचं घ्या, आणि पट्टा लावा. वाइनची राजधानी म्हणून आपण मिरवतो ते ठीक, पण मेंदूसाठी म्हणून कुणी ग्लास भरत असेल तर त्याने द्राक्षं खावीत.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. कृषीनगरचा ट्रॅक, गोल्फ क्लब, घराजवळची बाग, काहीही चालेल. गुडघे धड असतील तर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा; खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहा वेळा, इथून सुरुवात करा. फिनलंडच्या 'फिंगर' अभ्यासात, २०१५, आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं दोन वर्षं एकत्र केल्यावर फरक दिसला. त्यामुळे एकट्या बदामाकडून फार अपेक्षा नको. खायला हरकत काहीच नाही.

मोबाइलवरच्या खेळांबद्दल: खेळ खेळून तुम्ही त्या खेळात तरबेज होता, भाजीचा हिशेब सुधारेल याची खात्री नाही. 'ल्युमोसिटी' या ब्रेन गेमवाल्यांनी यापेक्षा मोठे दावे केले म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्ये त्यांच्याकडून वीस लाख डॉलर वसूल केले. नवं आणि थोडं अवघड असं काहीतरी शिका, माणसांत जाऊन शिका. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. व्याख्यानाहून घरी आलात की दिवा मालवण्याआधी, काही न बघता, वक्त्याचे तीन मुद्दे लिहा. चार दिवसांनी तेच पुन्हा लिहून बघा. एडी-८ ज्या विद्यापीठातून आली, तिथल्याच २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या आईवडिलांना सांगावं लागतं.

आणि लक्ष. चाव्यांना दाराजवळ एकच खिळा. गॅस बंद करताना तोंडाने म्हणायचं, "गॅस बंद केला." गाडी लावली की समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचायची, आजूबाजूचे बघतील, बघू देत. हिशेबाला किंवा पत्र लिहायला बसलात की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. झोप सात तासांच्या खाली नको, आणि चारनंतरचा चहा सोडून बघा, कारण त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. जे लिहून ठेवता येतं ते लिहूनच ठेवा. यादी करण्यात कमीपणा वाटून घेणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

सहा महिन्यांनी पुन्हा वही, पुन्हा दहा मिनिटांची चाचणी, शब्द मात्र नवे.

घरात आधीच कुणी वाट विसरत असेल तर

एवढं ताबडतोब करा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर जी गर्दी लोटेल, तिची रंगीत तालीम दर श्रावणी सोमवारी पंचवटीत होतच असते. अशा माणसाला घेऊन बाहेर पडताना त्याच्या आतल्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला कागद ठेवा. सुटून पडणारी पर्स किंवा पिशवी नको. निघण्यापूर्वी अंगावरच्या कपड्यांसह एक फोटो काढा. हरवल्यावर घाबरलेल्या घरच्यांना साडीचा रंगही आठवत नाही. हात सुटलाच तर पाच-दहा मिनिटांत सापडतील म्हणून वाट बघू नका. एक जण शेवटच्या जागी थांबा, दुसऱ्याने ११२ लावा आणि तो फोटो पोलिसांना पाठवा. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागत नाही.